स्क्रू कोणी फिरवायचा?

बालेवाडीच्या रेंजवर, पन्नास मीटरच्या लेनमध्ये एक मुलगा गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्या संपवून उठला. त्याने स्लिंग सोडली, रायफल स्टँडवर आडवी ठेवली आणि किटमधून ॲलन की काढली. हँडस्टॉप पुढे गेला, बट प्लेट सरकली, गालाखालची पट्टी बदलली, मागची साइट पुढे आली. प्रत्येक स्क्रू घट्ट करून झाल्यावर त्याने त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. मग चटईवर पालथा झाला आणि पहिली सायटर, म्हणजे चाचणीची गोळी, मारली. या सगळ्यात त्याने मदतीसाठी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

थ्री पोझिशनच्या नेमबाजाला दुसरा इलाजच नसतो. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही वेळा शरीराची ठेवण निराळी, म्हणून रायफलही तिन्ही वेळा निराळी लागते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं ते याच प्रकारात. त्या अंतिम फेरीतही एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना मोजकी मिनिटं मिळतात. त्यातच रायफल बदलायची, सायटर मारायच्या, श्वास खाली आणायचा. आपल्याकडे त्या पदकाचं भरपूर कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण पदक घेणारा माणूस स्वतःच्या हत्याराचा मेकॅनिकही असतो, हे कौतुकात फारसं आलं नाही.

या अंकासाठी संपादकांनी ‘दुरुस्ती’ हा विषय दिला, तेव्हा मला रेंजवर सतत ऐकू येणारा एक प्रश्न आठवला. रायफल सुधारायची आहे. स्वतः करू की गनस्मिथकडे देऊ? पालक तो प्रशिक्षकांना विचारतात, मुलं एकमेकांना विचारतात. उत्तर मात्र प्रत्येक जण अर्धंच देतो. म्हणून पुण्यातल्या आणि कोल्हापुरातल्या नेमबाजांशी, प्रशिक्षकांशी आणि परवानाधारक गनस्मिथशी बोलत हिंडलो.

अंगाला बसणारी रायफल

महाराष्ट्रात बहुतेक मुलांची सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलने होते. लक्ष्य दहा मीटरवर, त्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं आणि गुण दशांशात, त्यामुळे १०.१ आणि १०.६ यांतला फरक मिलिमीटरच्या अंशात मोजावा लागतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला तो याच प्रकारात.

या रायफलीचा स्टॉक बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर ठिकठिकाणी स्क्रू असतात. बट प्लेट वर-खाली होते, लांबी कमी-जास्त होते. गालपट्टी उचलता येते, बाजूला सरकवता येते. ग्रिप फिरते. ट्रिगरचं पातं पुढे-मागे होतं, म्हणजे बोटाचं पहिलं पेर नेमकं तिथे टेकतं. कंपनीने हे सगळं नेमबाजाच्या हातांसाठीच ठेवलेलं असतं. ते फिरवायला गनस्मिथ लागत नाही, आणि गनस्मिथला ते फिरवता येणारही नाही, कारण मान कुठे ताणली जाते आणि खांद्यात काय टोचतं हे त्याला बाहेरून कळत नाही.

एका अकादमीत मी शनिवारची बॅच पाहिली. रायफली थोड्या, मुलं जास्त. अशा रायफलीची किंमत दोन-तीन लाखांच्या घरात आणि त्याहून वर जाते, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मुलं अकादमीच्याच रायफलीवर काढतात. एकीची वेळ संपली की दुसरी येते, वही उघडते आणि स्टॉकवर कोरलेल्या आकड्यांशी वहीतले आकडे जुळवत बसते. बट १४, गालपट्टी ६, ग्रिप अमुक. सातवीतली एक मुलगी वही न बघता स्क्रू फिरवायला लागली, तर प्रशिक्षक ताई म्हणाल्या, “आधी वही. गेल्या महिन्यात तू दोन सेंटिमीटर वाढलीयस, आठवणीवर जाऊ नकोस.” वाढत्या अंगाच्या पोरांचे कपडे उसवून शिवतात तसं या रायफलींचं चालतं. तेरा ते सोळा या वयात तर लांबीचा आकडा दर काही महिन्यांनी बदलतो.

ताईंचा नियम साधा होता. एका वेळी एकच बदल, तोही लिहून, आणि त्या बदलावर निदान एक अख्खं सत्र. त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांना हे फार हळू वाटतं. मुलीचा स्कोअर अडकला की बाबांना वाटतं नवी बट प्लेट आणावी, नवा डायॉप्टर (मागची साइट) आणावा. “काका, आधी स्क्रू तर बघू,” असं त्या म्हणतात, आणि बऱ्याचदा कुठला तरी स्क्रू खरोखरच सैल निघतो.

ग्रुप उघडला की

छर्रे एका जागी पडेनासे झाले की रेंजवर म्हणतात, ग्रुप उघडला. त्यानंतर जे घडतं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं, कारण स्वतः करायचं की दुसऱ्याकडे द्यायचं याचा निर्णय खरं तर या टप्प्यावर होतो. आधी निदान हवं, आणि निदान बव्हंशी नेमबाजालाच करावं लागतं.

अनुभवी नेमबाज बाहेरून आत जातो. साइटचे स्क्रू, मग नळी आणि स्टॉक जोडणारे स्क्रू. पन्नास मीटरला लागणाऱ्या पॉइंट टू-टूच्या रायफलीत हे दुसरे स्क्रू फार महत्त्वाचे. ते हाताच्या अंदाजाने आवळले, तर आज जास्त आणि उद्या कमी बसतात आणि नळीचं स्टॉकमधलं बसणं बदलतं. म्हणून टॉर्क रेंच वापरतात. ठरलेला जोर आला की रेंच ‘टक’ करतो आणि हात थांबतो. किती जोर हवा ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. माझ्या मते रायफलीवर पहिला जादा पैसा खर्च करायचा तर तो या रेंचवर करावा. त्याच्या शेजारी दुकानात मांडलेल्या रंगीत ॲल्युमिनियमच्या भागांना थोडं थांबता येईल.

नंतर छर्रा. एअर रायफलचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा बारीक फरकाच्या डोक्यांत मिळतात आणि प्रत्येक नळीला आपला एक आवडता असतो. रायफल शिकंज्यात पक्की करून, माणसाचा हात बाजूला ठेवून वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघतात. पॉइंट टू-टूच्या काडतुसांचंही हेच. त्यासाठी मोठे नेमबाज बर्मिंगहॅमला एलीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी रेंजवर स्वतःची रायफल घेऊन जातात आणि जो लॉट जुळेल तो विकत घेतात. तिकडे जाणं प्रत्येकाला परवडत नाही. पण चार डबे आणून शिकंज्यात मारून बघणं अकादमीत जमू शकतं, आणि पुष्कळदा नव्या नळीच्या खर्चाचा विचार तिथेच गळून पडतो.

आपल्याकडे हवामानाचा एक जादा हिशेब आहे. जूनमध्ये मुंबईत किंवा कोकणात लाकडी स्टॉकची रायफल ओल पिते, लाकूड फुगतं, आणि मेमध्ये जमलेलं गणित जुलैत मोडतं. रायफलीच्या पेटीतला फोम पाणी धरून ठेवतो. भिजून आलेली पेटी तशीच बंद केली तर आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. पेटी उघडी टाकणं, सिलिका जेलच्या पुड्या बदलणं, बाहेरून तेलाचा हात फिरवणं, हे घरचं काम आहे. एअर रायफलच्या सिलिंडरच्या तोंडाशी मात्र साधं यंत्राचं तेल अजिबात लावायचं नाही. आत २०० किंवा ३०० बार दाबाची हवा असते. त्या दाबाखाली खनिज तेल पेट घेऊ शकतं. तिथे सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर, आणि कंपनीने सांगितलं असेल तरच. सिलिंडरवर कोरलेली तारीखही नेमबाजाने स्वतः वाचली पाहिजे. स्पर्धेच्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात, आणि जुनी रायफल स्वस्तात घेणारे पालक नेमकं हेच बघायला विसरतात.

ट्रिगरच्या आत

गनस्मिथच्या दुकानात शिरल्यावर खेळाचं वातावरण एकदम मागे पडलं. भिंतीला लागून बारा बोअरच्या जुन्या बंदुका उभ्या होत्या. डुकरं-माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांनी परवान्यावर घेतलेल्या या बंदुका म्हणजे अशा दुकानांचं मुख्य काम. निवडणुका लागल्या की बंदुका जमा करायच्या असतात, तेव्हा दुकानाची तिजोरीही भरते. सामन्याची रायफल इथे क्वचित येते. आली की दुकानाचे मालक, गनस्मिथ काका, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरतात.

त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती लक्ष्याचा कागद. “रायफल नंतर दाखव, आधी कागद दाखव,” असं ते आलेल्या मुलाला म्हणाले. कागदावर आडवा पसरलेला ग्रुप एक सांगतो, उभा पसरलेला दुसरं. मग त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मुलाने ती दाखवली होती, तरी पुन्हा स्वतः केली. नंतर कान साफ करायची कापसाची काडी घेऊन ती नळीच्या तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर, गोल गोल ओढली. एका जागी कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. भिंगातून पाहिलं तर तिथे कडेला बारीकसा दात पडलेला. गोळी नळी सोडताना मागचा वायू सगळीकडून सारखा सुटायला हवा. कडेला दात असला की तो एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. मुलाने लोखंडी सळई पुढच्या तोंडाने घालून साफसफाई केली होती. सळई मागून, गाइड लावून घालायची असते. ती कड पुन्हा कापून समकेंद्र करणं लेथवरचं काम आहे आणि त्याला घरगुती पर्याय नाही.

ट्रिगरबद्दल काका जास्तच कडक होते. बाहेरच्या स्क्रूने वजन कमी-जास्त करणं, पात्याची जागा बदलणं, ही नेमबाजाची कामं. पण आत सिअर नावाचा भाग असतो. हॅमर किंवा फायरिंग पिन त्याच्या कडेवर अडलेली असते. या पोलादाचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. ट्रिगर ‘मऊ’ करायच्या नादात कोणी त्या कडेवर पॉलिश पेपर घासला, की तो थर जातो. पहिले काही दिवस ट्रिगर खरंच लोण्यासारखा चालतो. मग कड झिजत जाते, आणि एक दिवस नुसता बोल्ट बंद करताना गोळी सुटते. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्याचं मूल झोपलेलं असतं, हे बोलताना काकांचा आवाज चढला.

नळी बदलणं हे त्याहून अवघड काम. पॉइंट टू-टूच्या काडतुसाची रिम, म्हणजे मागची कड, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते आणि बोल्ट व नळी यांमधलं अंतर तिच्यावर बेतलेलं असतं. ते गेजने तपासावं लागतं. अंतर जास्त झालं तर रिम फाटून वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

कायदाही इथूनच सुरू होतो. शस्त्र कायदा, १९५९ मधल्या कलम ५ खाली निर्मिती आणि विक्रीबरोबरच रूपांतर आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल आहे. साडेचार मिलिमीटरची आणि २० जूलपर्यंतच्या ऊर्जेची एअर रायफल २०१६ च्या नियमांनुसार परवान्यातून मोकळी आहे, आणि सामन्याची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. पॉइंट टू-टूची रायफल मात्र पूर्ण अर्थाने अग्निशस्त्र आहे. काका प्रत्येक हत्यार वहीत चढवतात: मालकाचं नाव, परवाना, क्रमांक, काय काम केलं. घरात लेथ असलेल्या हौशी माणसाने नळीला हात लावला तर हात कितीही चांगला असो, ते बेकायदा ठरतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण कोल्हापुरात मला उलट ओढ दिसली. दुधाळीच्या रेंजने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज घडताना पाहिल्या. आणि याच गावात उद्यमनगर आहे, जिथे नमुना दाखवला की भाग तयार होऊन मिळतो. एका वडिलांनी मुलाच्या एअर रायफलसाठी हाताखाली टेकायचा उंचवटा तिथे बनवून घेतला होता. काम देखणं होतं, कडा गोलावलेल्या, स्क्रू बुडवलेले. असे भाग जरूर बनवावेत. फक्त बनवण्याआधी नियमपुस्तकातली मापं घ्यावीत, कारण स्पर्धेआधी रायफल मापाच्या चौकटीत घालून पाहतात, आणि एअर रायफलचं वजन साइटसह साडेपाच किलोच्या वर गेलं तर ती बाहेर. फक्त भाग बनवून घ्यायची ही सवय उद्या ट्रिगर युनिटपर्यंत जायला नको.

घड्याळ थांबत नाही

स्वतः काय करायचं आणि गनस्मिथकडे काय द्यायचं, ही दुकानात बसून केलेली वाटणी सामन्याच्या दिवशी निराळी होते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. तिला लेन सोडून जावं लागलं, दुरुस्ती झाली, ती परतली. घड्याळ तोवर चालूच होतं. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने पॅरिसला दोन कांस्यपदकं घेतली.

अभिनव बिंद्राची गोष्टही अशीच. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला अंतिम फेरीआधीची पहिली सायटर चारमध्ये गेली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. साइट हललेली होती. कशी हलली याचा विचार करायला वेळ नव्हता. किती क्लिक फिरवायचे हे बोटांना माहीत होतं, म्हणून सुवर्णपदक आलं. आठ वर्षांनी रिओमध्ये सामन्यापूर्वी रायफल पडून साइट मोडली आणि दुसरी लावून खेळावं लागलं. तिथे तो चौथा आला, तिसऱ्या जागेसाठीच्या शूट-ऑफमध्ये हरून.

या घटनांवरून प्रशिक्षक मुलांना एक सराव देतात. सत्राच्या मध्यात ते गुपचूप साइट काही क्लिक हलवून ठेवतात किंवा राखीव साइट लावायला सांगतात. मुलाने घाबरायचं नाही, सायटर मारायची, कागद वाचायचा, परत आणायचं. किटमध्ये काय हवं हेही ठरलेलं असतं: ॲलन कींचा संच, राखीव साइट, ओ-रिंग, भरलेला दुसरा सिलिंडर, आणि सगळे आकडे लिहिलेली वही. सामन्याच्या रांगेत बसून ट्रिगर उघडायचा नाही. तिथे आतला बिघाड झाला तर स्पर्धेतल्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला, हाक मारायची.

आर्मररची खोली

आणि इथे आपली खरी अडचण आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाने तीच सांगितली: सामन्याच्या रायफली समजणारा परवानाधारक माणूस जवळपास सापडत नाही. युरोपात बनवणारे जवळच असतात. वॉल्थर आणि आन्शुट्झ हे दोन्ही जर्मनीतल्या उल्म शहरातले, फाइनवेर्कबाउ ओबर्नडॉर्फचे. तिथला नेमबाज रायफल गाडीत टाकून कारखान्यात नेतो. सांगली किंवा लातूरच्या मुलाला आतला भाग हवा असेल तर आयात, परवानगी, कागद, वाट पाहणं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना कंपन्यांचे तंत्रज्ञ येतात, तेव्हा नेमबाज वर्षभराच्या तक्रारी गोळा करून त्यांच्या टेबलापुढे रांग लावतात. या रांगेत जागा न मिळालेला मुलगा मग यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर उचलतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण त्याच्यासमोर दुसरा रस्ता कोणी ठेवला आहे?

जिल्हा क्रीडा संकुलात रेंज बांधताना नकाशात आर्मररची खोली हवी, आणि त्या खोलीत पगारावर माणूस हवा, असं मला ठामपणे वाटतं. रायफल महाग आहे म्हणून तिच्या देखभालीवर खर्च नको, हा हिशेब उलटा आहे. त्या माणसाला सिअर आणि गेज कळावेत, आणि मुलांना वही लिहायला शिकवण्याइतका धीरही असावा. रेल्वे, सेना, पोलीस दलांत शस्त्रं सांभाळणारे अनुभवी लोक निवृत्त होतात. त्यांना सामन्याच्या रायफलींचं प्रशिक्षण देऊन या खोल्यांत बसवता येईल.

काकांचा नातू दुकानात बसतो. आयटीआयचा टर्नर, हात चांगला. त्याला बारा बोअरपेक्षा या रायफलींत रस आहे. कड कापायचं काम त्या दिवशी काकांनी त्याला बघायला लावलं, करू दिलं नाही. “अजून वर्षभर बघ,” एवढंच म्हणाले. परवाना काकांच्या नावावर आहे आणि नातवासाठीचे कागद करायचे आहेत. रायफल घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, सळईसाठी एक बोअर गाइड हातात दिला, आणि स्टॉकचे स्क्रू तूच आवळ, रेंच इथे आहे, असं म्हणून खुर्ची सरकवून दिली.